संकटात आधी देवाला हाक मारावी का? एका निवृत्त सिस्टरचं उत्तर

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. आधी तो माझ्या शब्दांत सांगते, म्हणजे माझ्या समजण्यात काही चुकलं असेल तर तुमच्या लक्षात येईल.

वडील शेतातल्या वस्तीवर जमिनीवर अंथरूण टाकून झोपले होते. पहाटे तीनच्या सुमारास पोटात कळ येऊन उठले, घसा धरल्यासारखा झालाय म्हणाले. वाकळ झटकली तर खाली मण्यार. काकांनी त्यांना मोटारसायकलवर मधे बसवून गावच्या देवळात नेलं, अंगारा लावला, पारावर निजवलं. थोड्या वेळानं वडिलांच्या पापण्या मिटायला लागल्या, तेव्हा जमलेली माणसं म्हणाली, "देवानं झोप लावली, आता उतार पडेल." दीड तास असा गेला. मग गावातल्या एका पोरानं १०८ ला फोन लावला. चार दिवस व्हेंटिलेटरवर काढून वडील सुखरूप घरी आले. आई म्हणते, देवानं वाचवलं. चैत्रात त्यांना अनवाणी दर्शनाला आणीन, असा नवसही ती बोलून बसलीय. तुम्ही काकांशी बोलणं टाकलंय. आणि शेवटी तुम्ही लिहिलंय की पुण्याहून गाडीत बसल्यापासून दवाखाना येईपर्यंत तुम्ही स्वतः देवाचं नाव घेत होतात, जे एरवी वर्षवर्ष घेत नाही. "मग काकांत आणि माझ्यात फरक काय? संकटात आधी देवाकडे वळावं असं लहानपणापासून ऐकतोय, ते बरोबर की चूक? आणि फक्त गरजेला आठवण काढणाऱ्याला तो हक्क आहे का?"

मी ३१ वर्षं सरकारी दवाखान्यांत नर्स होते, त्यातली बरीचशी ग्रामीण रुग्णालयांत. घर माळकऱ्यांचं. गळ्यात लग्नाआधीपासून तुळशीची माळ आहे. साप चावलेली माणसं किती पाहिली ते मोजलं नाही, पण पावसाळ्यात एकेका नाइट ड्युटीत तीन-तीन पाहिली आहेत. देव आणि दवाखाना दोन्हींशी रोजचा संबंध आला, म्हणून उत्तर द्यायचं धाडस करते.

मला वाटतं, सगळा गुंता 'आधी' या एका शब्दात अडकलाय. काकांनी त्याचा अर्थ घेतला, आधी देवळात जायचं. तुम्ही नाव घेत होतात तेव्हा तुमची गाडी दवाखान्याच्या दिशेनं पळत होती. दोघांतला फरक तो, आणि तो फार मोठा आहे. आधी देवाला हाक मारावी, असं मी आजही सगळ्यांना सांगते. पण ती हाक जिथे उभे आहात तिथूनच, त्याच श्वासात मारायची. तिच्यासाठी वाट बदलायची नाही.

हे मी कुठे शिकले ते सांगते.

नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट. मळणीचे दिवस होते. कडब्याची पेंडी उचलताना एका बाईच्या पायाला घोणस चावली. जीपमधून आणली तोवर पाय गुडघ्यापर्यंत सुजून तकतकीत झालेला. डॉक्टरांनी तिचं साधारण दोन मिली रक्त काढलं, कोऱ्या कोरड्या काचेच्या नळीत घातलं आणि नळी स्टँडला उभी करून ठेवली. घोणस किंवा फुरसं चावलं असेल तर विष रक्तात भिनलंय का, हे पाहायची ती साधी परीक्षा. आजही हीच करतात. वीस मिनिटं नळीला हात लावायचा नाही. वीस मिनिटांनी एकदाच तिरकी करायची. रक्त गोठून नळीला धरून राहिलं तर ठीक. पाण्यासारखं वाहिलं तर विष भिनलंय. नळी साबणाच्या पाण्यानं धुतलेली असेल तर ही परीक्षा चुकीचं सांगते, म्हणून आमच्या सिस्टर कोऱ्या नळ्या वेगळ्या डब्यात कुलपात ठेवायच्या.

त्या बाईचा नवरा भिंतीला टेकून उभा होता. हातात तिचा एक जोडवा, सूज चढली म्हणून काढून दिलेला. मला म्हणाला, "बाई, मी काय करू?" मला काही सुचेना. वीस मिनिटं आम्हालाच काही करता येत नव्हतं, त्याला काय सांगणार? आमच्या सिनियर सिस्टर पुढे आल्या. त्यांनी त्याला स्टुलावर बसवलं. म्हणाल्या, "देवाचं नाव घ्या. आणि या घड्याळावर नजर ठेवा. मोठा काटा चारवर आला की मला हाक मारा." तो माणूस वीस मिनिटं ओठ हलवत त्या काट्याकडे बघत बसला. काटा चारवर आला तेव्हा इतक्या मोठ्यानं ओरडला की शेजारच्या वॉर्डातली माणसं उठली.

नळी तिरकी केली. रक्त सरळ खाली आलं.

मग सर्पदंशाची लस. लहान बाटली असते, आम्ही तिला व्हायल म्हणतो. आत पांढरी भुकटी, त्यात डिस्टिल्ड वॉटर घालून विरघळवायची. घाई करून जोरात हलवली की फेस होतो, म्हणून दोन तळव्यांत धरून हळूहळू फिरवावी लागते. आणि सुरुवातीलाच आठ ते दहा व्हायल लागतात. बाहेर माणसं रडताहेत, डॉक्टर हात पुढे करून उभे आहेत, आणि तुम्हाला मात्र हळूच फिरवायचंय. माझे हात थरथरत होते. सिनियर सिस्टरांनी पहिली व्हायल उचलली, क्षणभर डोळे मिटले, सील काढलं आणि फिरवायला लागल्या. फिरवताना ओठ हलत होते. जवळ होते म्हणून ऐकू आलं, रामकृष्णहरी. दहाही व्हायल तशाच. मधे एकदा म्हणाल्या, "ॲड्रेनलिन भरून जवळ ठेवलंस का?" लसीची कधी कधी उलटी प्रतिक्रिया येते, अंगावर गांधी उठतात, बीपी पडतं. त्यासाठी ते इंजेक्शन तयारच ठेवावं लागतं. मी ठेवलं नव्हतं. धावत जाऊन आणलं.

सकाळी चहा घेताना मी विचारलं, तर म्हणाल्या, "देवाला सांगितल्याशिवाय मी सील काढत नाही. आणि सील काढल्यावर थांबत नाही." ती बाई आठवड्यानं चालत घरी गेली. पण तेव्हापासून मीही पहिल्या व्हायलपाशी डोळे मिटायला लागले, आणि ॲड्रेनलिन त्याआधी भरून ठेवायला लागले.

हा मिटलेल्या डोळ्यांचा क्षण काय करतो, ते मी माझ्यावर आणि शेकडो नातेवाइकांवर पाहिलंय. घाबरलेल्या माणसाला समोरची गोष्ट दिसत नाही. फोन हातात असतो आणि नंबर सापडत नाही. आधार कार्ड पिशवीत असतं आणि तो घरी माणूस पाठवतो. नर्स घाबरली तर तिला शीर सापडत नाही. 'देवा, आता तू बघ' असं मनापासून म्हटलं की आपल्या डोक्यावरचं सगळ्याचं ओझं कुणीतरी धरल्यासारखं होतं, आणि मग आपल्या वाट्याचं जे लहानसं काम आहे ते दिसायला लागतं. माझ्यापुरतं विचाराल तर मी याला देवानं दिलेलं उत्तरच मानते. तुम्ही मानलं नाही तरी ते घडतं.

आता काकांकडे येऊ.

काकांनी जे केलं त्यानं तुमचे वडील जाऊ शकले असते. यात मी शब्द राखून बोलणार नाही. मण्यार रात्री चावते, झोपलेल्या माणसाला. दात इतके बारीक की खूण सापडत नाही, सूज नाही, आग नाही. पोटदुखी, मग पापण्या जड, मग बोलणं जड, मग श्वास बंद. पापण्या मिटणं ही पुढच्या धोक्याची खूण होती. लोकांना ती झोप वाटली. या चार सापांवर, म्हणजे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांवर, आपल्याकडे एकच लस चालते, आणि ती सरकारी दवाखान्यात मोफत असते. श्वासाचे स्नायू थकले तर सोबत व्हेंटिलेटर लागतो. तिसरा उपाय नाही. अभ्यासकांच्या अंदाजानं २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशानं १२ लाख माणसं गेली. वर्षाला साधारण ५८ हजार. बहुतेक खेड्यापाड्यांतली, तुमच्या-माझ्या घरांतली.

पण काका असं का वागले, हेही समजून घ्या. त्यांनी लहानपणापासून त्या पारावर माणसं बरी होताना पाहिलेली आहेत, आणि ते खोटं नाही. आपल्या शिवारातले बहुतेक साप बिनविषारी असतात. धामण, दिवड, तस्कर, कवड्या. कवड्या तर अंधारात अगदी मण्यारीसारखा दिसतो. विषारी साप चावला तरी दर वेळी विष सोडतोच असं नाही. ही सगळी माणसं पारावर काय, घरी निजली असती तरी उठली असती. उठलेली माणसं नारळ फोडायला परत येतात, गाव ती बघतं. न उठलेल्यांची घरं परत येत नाहीत. काकांनी देवळाचा रस्ता धरला तो भावाच्या प्रेमानं आणि भीतीनं. त्यांना दुसरा रस्ता कुणी दाखवलाच नव्हता.

शिवाय एक गोष्ट ते नक्कीच ऐकून असतील. कीर्तनात सांगतात, द्रौपदीनं वस्त्र धरलेला हात सोडला, दोन्ही हात वर केले, तेव्हा देव धावला. यावरून लोक शिकतात की स्वतः काही करायचं नाही, सगळं सोडलं की देव येतो. माझे वडील मात्र या कथेचा आधीचा भाग आवर्जून सांगायचे. तिला सभेत ओढून आणलं तेव्हा तिनं आधी प्रश्न विचारला. जो स्वतःलाच हरून बसला होता, त्याला मला पणाला लावायचा अधिकार होता का? भीष्मांना, सगळ्या सभेला तिनं तो प्रश्न विचारला. धड उत्तर मिळालं नाही. जे जे करण्यासारखं होतं ते तिनं केलं, माणसांची सगळी दारं ठोठावली, आणि मग हात वर केले. तिच्यापुढे १०८ चा नंबर असता तर तिनं तो फिरवला असता, असं आमच्या घरात कुणीही म्हणेल.

आता काही गोष्टी परिस्थितीवर आहेत, त्या सांगते, कारण 'आधी देव' हे सगळ्यांना एकाच मापानं लागू होत नाही.

हाताशी काम असेल आणि वेळ मिनिटांत मोजायची असेल, तर प्रार्थना एका श्वासाची. साप, छातीत कळ, तोंड वाकडं होणं, पाण्यात पडलेलं मूल, सगळ्याला हेच. मनात नाव, हातात फोन. चावलेला पाय किंवा हात लाकडाची पट्टी बांधून स्थिर करायचा, अंगठी-जोडवी-पैंजण काढायचं, दोरी करकचून बांधायची नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, कडुनिंबाचा पाला चारून चव बघत बसायचं नाही, आणि निघायचं. यातलं एकही काम नामस्मरणाच्या आड येत नाही.

वाट पाहण्याखेरीज काही उरलं नसेल तर मात्र प्रार्थनेला पोटभर वेळ द्या. आयसीयूच्या बाहेरच्या बाकावर चार दिवस म्हणजे काय असतं, ते तुम्ही आता जाणता. तिथे माणसं फोनवर व्हिडिओ बघतात, एकमेकांवर खेकसतात, कुणाची चूक ते ठरवत बसतात. त्यापेक्षा हरिपाठ म्हणा, पारायण करा, नुसतं गप्प बसून देवाशी बोला. पण पाळ्या लावा. एकानं जेवायचं, एकानं झोपायचं, एकानं डॉक्टर बाहेर आले की ऐकायला जागं राहायचं. उपास धरून चक्कर येऊन पडलेल्या सुना मी केसपेपर काढून बाजूच्या खाटेवर घेतलेल्या आहेत.

आणि विश्वासच नसेल तर? तर उसना आणू नका. एक लांब श्वास घ्या आणि कामाला लागा. देवाला हाक मारली नाही म्हणून कुणाचा पेशंट मागे ठेवला गेला नाही, निदान आमच्या वॉर्डात तरी.

मण्यारीबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली, ती तुमच्या कामाची आहे. तिचं विष स्नायू बंद करतं. पेशंटला डोळे उघडता येत नाहीत, बोट हलवता येत नाही, माणूस बेशुद्ध वाटतो. पण पुष्कळदा त्याला ऐकू येत असतं. एक आजोबा होते. तीन दिवस व्हेंटिलेटर. चौथ्या दिवशी नळी निघाल्यावर घोगऱ्या आवाजात बायकोला पहिलं वाक्य काय म्हणाले, तर "परवा तू हरिपाठात एक अभंग गाळलास." म्हातारी रडायची थांबेना. त्यांनी तिचा आवाजच नाही, खाटेपाशी कुणीतरी "आता काही खरं नाही" म्हटलं होतं तेही ऐकलं होतं. म्हणून मी प्रत्येक नातेवाइकाला सांगायचे, आत सोडलं की कानाशी बोला, नाव घ्या, घरचं सांगा, वाईट बोलू नका. तुमच्या वडिलांना कधीतरी विचारा, त्यांनी पारावर काय काय ऐकलं.

आतापर्यंतचं थोडक्यात असं की देवाला आधी सांगावं, तिथल्या तिथे सांगावं, आणि सांगितल्यावर हात चालू ठेवावेत. आता तुमचा दुसरा प्रश्न, जो मला पहिल्यापेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो. एरवी आठवण न काढणाऱ्याला हक्क आहे का?

आहे. पूर्ण आहे. गीतेच्या सातव्या अध्यायात भगवंत आपल्याला भजणारे चार प्रकारचे लोक सांगतात. त्यात पहिलंच नाव आर्ताचं आहे, म्हणजे संकटात सापडून कळवळून हाक मारणाऱ्याचं. जाणून घ्यायला येणारा, काही मागायला येणारा आणि ज्ञानी हे त्याच्यानंतर. ज्ञानी मला सर्वांत जवळचा असं भगवंत पुढे म्हणतात, पण त्याआधी 'हे सगळेच थोर' असंही म्हणतात. गरजेला आलेल्याला दारातून हाकलावं, असं त्यांनी कुठेही म्हटलेलं नाही. मग आपण आपल्यालाच का हाकलायचं?

तुम्ही स्वतःला ढोंगी म्हटलंय. ढोंगाला बघणारा माणूस लागतो. तुम्ही रात्रीच्या गाडीत खिडकीला डोकं टेकून मनातल्या मनात नाव घेत होतात, ते कुणाला दाखवायला? माझ्याकडे लहान मुलं यायची इंजेक्शनला. आईचा दिवसभर हात झिडकारणारं पोर सुई दिसली की तिच्याच पदरात तोंड खुपसतं. एकाही आईला मी "आता बरी आठवण झाली" असं म्हणताना ऐकलेलं नाही.

आता अवघड भाग. तुमचे वडील वाचले. सगळ्यांचे वाचत नाहीत.

२०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेत, माझे मालक गेले. अकरा दिवस ऑक्सिजनवर होते. मी स्वतः नर्स, सगळे आकडे मला कळत होते. आदल्या वर्षी वारी झाली नव्हती, संतांच्या पादुका एस.टी.नं पंढरपूरला गेल्या होत्या. ते दोघांनी टीव्हीवर हात जोडून पाहिलं होतं, आणि पुढच्या वर्षी चालत जाऊ असं ठरलं होतं. त्या अकरा दिवसांत मी जे मागितलं ते सरळ मागितलं. यांना राहू दे. आडून काही बोलले नाही. ते मिळालं नाही. दहाव्याला एक जवळचे नातेवाईक मला म्हणाले, "नामस्मरणात कुठंतरी कमी पडलं असेल."

ते वाक्य मी विसरलेले नाही, आणि तुम्ही आयुष्यात कुणालाही ते म्हणू नका. तुकोबांनी स्वतःच सांगून ठेवलंय की दुष्काळात द्रव्य गेलं, मान गेला आणि त्यांची एक बायको 'अन्न अन्न' करीत मेली. १६३० च्या सुमाराचा तो दुष्काळ. त्यांची भक्ती कमी पडली म्हणून ती गेली, असं म्हणायची कुणाची छाती आहे? आणि त्यानंतर ते देवाकडेच वळले, भांडत वळले, रागावून वळले, त्याला वाट्टेल ते बोलले. म्हणजे रागावणं हीसुद्धा प्रार्थनाच आहे. मी कितीतरी महिने तीच केली.

मग मागितलेलं न देणाऱ्याला हाक मारायची कशाला? माझ्याकडे जे आहे ते सांगते. ते अकरा दिवस मी एकटी नव्हते. रात्री तीनला पीपीई किट काढून घामानं निथळत पायरीवर बसायचे, तेव्हा कुणाशी तरी बोलत होते. ते बोलणं नसतं तर मी पुढच्या पेशंटला हात लावू शकले नसते. हा पुरावा म्हणून कुणापुढे ठेवत नाही. मला तेवढं मिळालं.

आईच्या नवसाचं काय करायचं, हेही तुम्ही विचारलंय. नवस बोलणाऱ्या आईला हसू नका. चार दिवस तिच्या हातात दुसरं काहीच नव्हतं. पण नवस आपल्या अंगावर बोलावा, आजाऱ्याच्या नाही. व्हेंटिलेटरवरून नुकत्याच उठलेल्या माणसाला चैत्राच्या उन्हात अनवाणी चालवायचं, हे देवाला नको असणार. आईला असं सांगा की देवाला ऐकू येतं, त्याला सांगून ठेव, यांना डॉक्टरांनी परवानगी दिली की गाडीनं आणीन, तोवर मी जाऊन येते. आमच्याकडे बायका असे नवस बदलून घेतात, आणि नारळ ठेवून देवाची क्षमा मागतात. कर्ज काढून फेडायचा नवस तर कुणीच बोलू नये.

"देवानं वाचवलं" या तिच्या वाक्याशीही भांडू नका. तिला फक्त एवढं विचारा, कुणाच्या हातांनी? १०८ चा ड्रायव्हर, पहाटे नळी घालणारे डॉक्टर, व्हायल फिरवणारी कुणी सिस्टर, आणि ज्यानं फोन लावला तो पोरगा. मला विचाराल तर देवानं त्या रात्री गावात पाठवलेला माणूस तो पोरगा होता. त्याला कुणी बोलावून पेढा दिला का? दिला नसेल तर आईला घेऊन त्याच्या घरी जा.

रोजच्या सवयीबद्दल थोडंसं. संकटात नाव आपोआप यायला हवं असेल तर ते आधी कुठेतरी रुळलेलं असावं लागतं. शीर शोधायचं नर्सला जसं रोजच्या पेशंटवर हात बसवूनच येतं, तसंच. फार काही नको. मी ड्युटीचा हँडओव्हर घेताना वहीवर हात ठेवून एकदा नाव घ्यायचे, इतकंच. तुम्ही गाडी सुरू करताना घ्या.

काकांशी बोलणं सुरू करा. त्यांना चूक कबूल करायला लावू नका, ते रात्रंदिवस तेच मनात करत असतील. त्यांना काम द्या. आपल्या भागात सर्पदंशाची लस नक्की कुठल्या दवाखान्यात असते, रात्री तिथे डॉक्टर असतात का, व्हेंटिलेटर किती लांब आहे, हे दोघं मिळून जाऊन विचारून या. मग देवळाच्या भिंतीवर, अंगारा ठेवतात तिथेच वर, १०८ आणि त्या दवाखान्याचं नाव मोठ्या अक्षरांत रंगवून घ्या. पुजाऱ्यांना सांगा, कुणाला आणलंच तर अंगारा गाडीतच लावा, गाडी बंद करू देऊ नका. हे काकांनी सांगितलं तर गाव ऐकेल. तुम्ही पुण्याहून येऊन सांगितलं तर नाही ऐकणार.

आणि वडिलांना जमिनीवर झोपू देऊ नका. वस्तीवर खाट घ्या, मच्छरदाणी लावा, तिच्या कडा रोज झोपताना गादीखाली नीट खोचा. मण्यार अंथरुणात शिरू नये म्हणून याहून सोपा उपाय नाही. उशाला बॅटरी ठेवा. एक खाट आणि मच्छरदाणी काकांसाठीही न्या, तेही तिथेच जमिनीवर झोपत असतील.